परदेशी पोलीस दाखल्यास विलंब झाला तर

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड या जिल्ह्यांतील कितीतरी घरांचा आखाती देशांशी दोन-तीन पिढ्यांचा संबंध आहे. मुलगा वेल्डर म्हणून कुवेतला गेला, पुतण्या चालक म्हणून दुबईला गेला, सून परिचारिका म्हणून सौदी अरेबियात गेली, असे सांगणारी घरे प्रत्येक गावात भेटतात. अलीकडच्या काळात यांपैकी काहींची दृष्टी आखाताच्याही पलीकडे, विशेषतः कॅनडाकडे वळली आहे. तिकडे जाण्यासाठी कामाचा परवाना लागतो, आणि त्या परवान्याच्या वाटेवर एक कागद अनेकांची वाट अडवून बसतो. हा कागद म्हणजे पूर्वी ज्या देशात वास्तव्य झाले, त्या देशाच्या पोलिसांचा दाखला.

समजा, गुहागर तालुक्यातील एक वेल्डर सात वर्षे एका आखाती देशात काम करून गावी परतला. कॅनडातील एका कारखान्याने त्याला काम देऊ केले. त्याने अर्ज केला, शुल्क भरले, बोटांचे ठसे दिले. काही आठवड्यांनी पत्र आले, की आखातातील वास्तव्याचा पोलीस दाखला तीस दिवसांच्या आत सादर करावा. दाखल्यासाठीचा अर्ज त्याने केला आहे. पण तो देश दूर, भाषा वेगळी, जुना मालक फोन उचलत नाही, आणि वीस दिवस होऊन गेले तरी दाखल्याचा पत्ता नाही. घरावर कर्ज काढलेले आहे. अशा वेळी घरात दोन प्रकारचे सल्ले येतात. एक म्हणतो, "गप्प बसून राहा, आला की पाठवू." दुसरा म्हणतो, "अमुक एक माणूस पैसे घेऊन दाखला तयार करून देतो." हे दोन्ही सल्ले घातक आहेत. ते घातक का आहेत आणि तिसरा, सरळ मार्ग कोणता, हे गावातील जाणत्या मंडळींना ठाऊक असणे अगत्याचे आहे. कारण अडचणीतला माणूस प्रथम त्यांच्याकडेच येतो.

दाखला कशासाठी?

कॅनडाचा २००१ चा स्थलांतर व निर्वासित संरक्षण कायदा गुन्ह्याच्या कारणावरून परकीय व्यक्तीस प्रवेश नाकारण्याची तरतूद करतो. अर्जदारावर कोठे गुन्हा शाबीत झाला आहे काय, हे पडताळण्याचे एक साधन म्हणजे पोलीस दाखला. भारतात तो पारपत्र कार्यालयाकडून मिळतो. इंग्लंडमध्ये 'ॲक्रो' नावाचे गुन्हेनोंद कार्यालय तो देते. अमेरिकेत एफ.बी.आय. ही केंद्रीय तपास संस्था बोटांच्या ठशांवरून नोंदींचा गोषवारा देते. ज्याची त्याची रीत वेगळी असली, तरी हेतू एकच असतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. व्हिसा केंद्रात बोटांचे ठसे व छायाचित्र दिले म्हणजे पोलीस दाखल्याचे काम झाले, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. ते ठसे कॅनडाच्या उपयोगासाठी असतात. दुसऱ्या देशातील गुन्हेनोंदींचा दाखला त्यातून मिळत नाही.

कामाच्या तात्पुरत्या परवान्यासाठी हा दाखला प्रत्येकाकडून मागितला जातोच असे नाही. अर्ज भरताना तयार होणारी कागदपत्रांची यादी आणि नंतर अधिकाऱ्याकडून येणारे पत्र, यांत जे लिहिले असेल तेच प्रमाण मानावे. स्थायी वास्तव्याच्या अर्जासाठी मात्र नियम ठरलेला आहे. गेल्या दहा वर्षांत, वयाच्या अठराव्या वर्षानंतर, ज्या ज्या देशात सलग सहा महिने किंवा अधिक वास्तव्य झाले असेल, त्या प्रत्येक देशाचा दाखला लागतो. सध्या ज्या देशात राहणे आहे, त्या देशाचा दाखला अर्जाच्या तारखेपूर्वी सहा महिन्यांच्या आतला असावा लागतो. पूर्वीच्या देशाचा दाखला तेथील शेवटच्या वास्तव्यानंतरचा असावा लागतो. आज कामाच्या परवान्यावर जाणारा मनुष्य उद्या स्थायी वास्तव्यासाठी अर्ज करण्याचा संभव असतो. म्हणून हा नियम प्रथमपासून माहीत असलेला बरा.

विलंब कोठे होतो?

विलंबाची कारणे बहुधा चार प्रकारची असतात.

पहिले कारण ओळख पटविण्याचे. देश सोडून आलेल्या माणसाकडून अनेक ठिकाणी बोटांचे ठसे मागितले जातात. ते विहित कागदावर, अधिकृत व्यक्तीसमोर घेऊन त्या देशाच्या वकिलातीकडून साक्षांकित करून घ्यावे लागतात. गावातून मुंबईला वा दिल्लीला फेऱ्या होतात आणि दिवस निघून जातात.

दुसरे कारण जुन्या कागदांच्या अभावाचे. आखातातील निवासी ओळखपत्राचा क्रमांक, निवासाची परवानगी ज्यावर उमटली होती ते जुने पारपत्र, मालकाने दिलेले कामाचे पत्र, यांतले काही हरवलेले असते. नोंद शोधण्यास आधार राहत नाही.

तिसरे कारण नावाचे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक नाव, पारपत्रावर दुसऱ्या वर्णरचनेचे नाव, आणि अरबी लिपीतून परत रोमन लिपीत आलेले तिसरेच नाव. वडिलांचे नाव कोठे मध्ये, कोठे शेवटी. विवाहानंतर नाव बदललेल्या स्त्रियांना हा त्रास अधिक होतो.

चौथे कारण कार्यपद्धतीचेच. काही देश दाखला अर्जदाराच्या हाती देतच नाहीत. हाँगकाँगचे पोलीस आपला निर्णय थेट संबंधित परदेशी कार्यालयास कळवितात. जपानचा दाखला बंद पाकिटात येतो व ते पाकीट अर्जदाराने फोडल्यास त्याची किंमत राहत नाही. काही देश तर परकीय कार्यालयाचे मागणीपत्र पाहिल्याशिवाय अर्जच घेत नाहीत. अशा वेळी दाखल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही आणि मागणीपत्राशिवाय दाखला मिळत नाही, असा पेच पडतो. कॅनडाच्या स्थलांतर खात्याने प्रत्येक देशाच्या दाखल्याची माहिती स्वतंत्रपणे प्रसिद्ध केलेली आहे. जेथे मागणीपत्र लागते, तेथे दाखल्याच्या जागी तसे निवेदन जोडून पत्राची मागणी करता येते. पहिले पाऊल म्हणजे आपल्या देशाचे ते पान वाचणे. अनेकजण हे न करता ऐकीव माहितीवर चालतात.

मुदत जवळ आली म्हणजे

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दाखला मागितला आहे, तो आलेला नाही, आणि मुदत संपत आली आहे. अशा वेळी काय करावे?

येथे एक गोष्ट स्पष्ट समजून घेतली पाहिजे. दुसऱ्या देशाच्या कार्यालयाला लागणारा वेळ हा अर्जदाराचा दोष नव्हे, आणि अधिकाऱ्यालाही हे ठाऊक असते. अधिकाऱ्याला जे ठाऊक नसते, ते म्हणजे या अर्जदाराने खरोखर प्रयत्न केला की नाही. पत्राला उत्तरच आले नाही, तर न मिळालेला दाखला आणि न मागितलेला दाखला यांतील फरक त्याला कळणार कसा? कॅनडाच्या कायद्याचे सोळावे कलम अर्जदारावर सत्य उत्तर देण्याचे व मागितलेली संबंधित कागदपत्रे सादर करण्याचे बंधन घालते. मौन पाळणाऱ्याचा अर्ज नामंजूर होतो, तो बहुतेक वेळा दाखला नसल्यामुळे जितका, तितकाच उत्तर नसल्यामुळे.

म्हणून मुदत संपण्यापूर्वी, शेवटच्या दिवसाची वाट न पाहता, लेखी उत्तर गेलेच पाहिजे. ज्या ऑनलाइन खात्यातून अर्ज केला, त्यातच दाखल्याच्या जागी हे उत्तर चढवावे. ते शक्य नसल्यास खात्याच्या संकेतस्थळावरील चौकशी अर्जाचा उपयोग करावा. उत्तरात पुढील गोष्टी असाव्यात.

१. अर्जाचा क्रमांक, पारपत्राप्रमाणे संपूर्ण नाव, आणि कोणत्या पत्राला हे उत्तर आहे त्याची तारीख.

२. त्या देशात कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत वास्तव्य होते.

३. दाखल्यासाठी कोणत्या कार्यालयाकडे, कोणत्या तारखेस अर्ज केला, आणि त्याचा क्रमांक.

४. त्यानंतर कोणत्या तारखांना चौकशी केली व काय उत्तर मिळाले.

५. त्या कार्यालयाने सांगितलेला अपेक्षित कालावधी, आणि त्यावरून किती मुदतवाढ हवी आहे.

६. दाखला हाती येताच सादर करण्याची हमी.

या पत्रासोबत पुरावे जोडावेत. शुल्क भरल्याची पावती, वकिलातीची पोच, टपालाची पावती, पाठविलेले व आलेले ई-पत्र, ठशांच्या कागदाची प्रत, हे सर्व कागद तारखेच्या क्रमाने लावावेत. पत्र इंग्रजीत वा फ्रेंचमध्ये, एका पानाचे, साध्या वाक्यांत असावे. त्यात गाऱ्हाणी, घरची परिस्थिती, दयेची याचना यांना जागा देऊ नये. तारखा आणि पावत्या जे बोलतात, ते कितीही पाने लिहून बोलता येत नाही.

मुदत वाढवून द्यावयाची की नाही, हा अधिकाऱ्याचा अधिकार आहे. तसे वचन कोणी कोणास देऊ शकत नाही. पण लेखी प्रयत्न केलेला अर्जदार आणि गप्प बसलेला अर्जदार यांची परिस्थिती एक नसते. समजा, अर्ज नामंजूर झालाच, तरी केवळ नामंजुरीमुळे दारे बंद होत नाहीत. दाखला आल्यावर नव्याने अर्ज करता येतो, आणि मागच्या अर्जातील प्रामाणिक पत्रव्यवहार त्या वेळी बाधक ठरत नाही.

दाखला अरबी वा अन्य भाषेत आला, तर त्याचे इंग्रजी वा फ्रेंच भाषांतर जोडावे लागते. हे भाषांतर अर्जदाराने, त्याच्या कुटुंबीयाने वा त्याच्या प्रतिनिधीने केलेले चालत नाही. मूळ दाखल्याची रंगीत प्रत चढवावी व मूळ कागद जपून ठेवावा.

मालकाचे घड्याळ

अर्जदाराच्या तीस दिवसांबरोबर आणखी एक घड्याळ चालू असते. कॅनडातील पुष्कळ मालकांना परकीय कामगार आणण्यापूर्वी तेथील शासनाकडून श्रमबाजारावरील परिणामाचे मूल्यमापन मंजूर करून घ्यावे लागते. १ मे २०२४ पासून या मंजुरीची मुदत बारा महिन्यांवरून सहा महिन्यांवर आणण्यात आली. या सहा महिन्यांत कामगाराचा परवान्यासाठीचा अर्ज दाखल झाला पाहिजे.

याचा व्यावहारिक अर्थ असा, की आखातातील दाखल्याची वाट पाहत अर्जच रोखून धरणे धोक्याचे आहे. दाखल्यासाठी अर्ज केल्याचा पुरावा व स्पष्टीकरणाचे पत्र जोडून मुदतीत अर्ज दाखल करणे हे बहुधा अधिक शहाणपणाचे ठरते. मालकालाही परिस्थिती कळवीत राहावे. कामाची तारीख पुढे ढकलण्यास तयार असलेला मालक, आपला माणूस कोठे अडकला आहे हेच न कळल्यामुळे दुसऱ्याला घेतो, असे होऊ नये.

या मंजुरीसाठी मालकाने भरावयाचे शुल्क कामगाराकडून वसूल करण्यास कॅनडाचे नियम मनाई करतात. गावात कोणी या नावाखाली पैसे मागत असेल, तर तेथेच सावध झाले पाहिजे.

खोट्या कागदाची किंमत

आता त्या दुसऱ्या सल्ल्याविषयी. पैसे घेऊन दाखला 'तयार करून' देणारी माणसे अडलेल्यांच्या भोवती नेहमीच असतात. त्यांनी दिलेला कागद हुबेहूब दिसतो. परंतु दाखला ज्या देशाने दिला असे म्हटले आहे, त्या देशाकडे त्याची पडताळणी करता येते. तो खोटा ठरला, की प्रश्न विलंबाचा राहत नाही. कॅनडाच्या कायद्याच्या चाळिसाव्या कलमान्वये महत्त्वाच्या बाबतीत खोटी माहिती वा खोटा कागद देणाऱ्यास पाच वर्षे त्या देशात प्रवेश मिळत नाही. तो कागद मध्यस्थाने जोडला, आपल्याला माहीत नव्हते, ही सबब सहसा टिकत नाही. कारण अर्ज ज्याच्या नावाचा, जबाबदारी त्याची.

ज्याच्यावर खरोखर एखादा गुन्हा नोंदलेला आहे, त्यानेही तो लपविण्याचा प्रयत्न करू नये. एखादी किरकोळ बाब उघडपणे सांगितली, तर तिचा विचार गुणावगुणावर होऊ शकतो. लपविलेली बाब मात्र लहान असली तरी लपवणुकीमुळे मोठी होते.

पैसे घेऊन कॅनडाच्या अर्जाचे काम करण्याचा अधिकार त्या देशाच्या कायद्याने वकील, क्वेबेक प्रांतातील नोटरी आणि तेथील सल्लागार महाविद्यालयाचे परवानाधारक सदस्य अशा मोजक्याच अधिकृत व्यक्तींना दिलेला आहे. महाविद्यालय म्हणजे येथे शिक्षणसंस्था नव्हे, तर सल्लागारांच्या व्यवसायाचे नियमन करणारी संस्था. तिच्या सदस्यांची यादी कोणालाही पाहता येते. शिक्षकांनी वा ग्रामपंचायतीतील संगणक जाणणाऱ्या तरुणाने ती यादी पाहून दिली, तर एखाद्या कुटुंबाचे लाखो रुपये वाचू शकतात.

आपल्याकडील दाखला

परदेशी दाखल्याच्या विवंचनेत भारतीय दाखला मागे राहतो, असेही घडते. तो पारपत्र सेवेच्या संकेतस्थळावर अर्ज करून, पाचशे रुपये शुल्क भरून, ठरलेल्या दिवशी केंद्रात उपस्थित राहून मिळवावयाचा असतो. सप्टेंबर २०२२ पासून टपाल कार्यालयांतील पारपत्र सेवा केंद्रांतही त्यासाठी अर्ज करण्याची सोय झाली असून, त्यामुळे मुंबई, पुणे वा नागपूर गाठण्याचा अनेकांचा त्रास कमी झाला आहे. परदेशात असलेल्या भारतीयाने तेथील भारतीय वकिलातीमार्फत अर्ज करावा.

स्थानिक पोलिसांकडून नोकरीसाठी मिळणारे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र आणि पारपत्र कार्यालयाचा हा दाखला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परदेशी अर्जास पहिल्याचा उपयोग होत नाही. ही चूक अनेकजण करतात आणि त्यात महिना जातो.

पारपत्र कार्यालयाकडून पडताळणीसाठी कागद पोलीस ठाण्यात येतो, तेव्हा गावाचा संबंध येतो. अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहतो काय, शेजारी त्याला ओळखतात काय, हे पाहिले जाते. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ अन्वये नेमलेले पोलीस पाटील, सरपंच व सदस्य यांनी अशा वेळी खरी माहिती तत्परतेने दिली, तर काम अडत नाही. अर्जदार मुंबईत कामाला आहे आणि पत्ता गावचा दिला आहे, असे असेल तर ते त्याने अर्जातच स्पष्ट करावे. नाहीतर 'पत्त्यावर आढळला नाही' असा शेरा पडून फेरा वाढतो.

गावाने काय करावे?

विलंबावरील खरा उपाय विलंब होण्यापूर्वीचा आहे. परदेशात असलेल्या प्रत्येक गावकऱ्यास हे सांगितले पाहिजे, की परत येताना तेथील ओळखपत्राच्या दोन्ही बाजूंची प्रत, निवास परवान्याची प्रत, मालकाचे पत्र आणि मुदत संपलेले जुने पारपत्र बरोबर आणावे व जपून ठेवावे. निघण्यापूर्वी तेथील पोलीस दाखला घेऊन ठेवता आला तर घ्यावा. दाखला शेवटच्या वास्तव्यानंतरचाच हवा, या नियमामुळे तो पुढे पुरेसा ठरेलच असे नाही; पण स्पष्टीकरणाच्या पत्राला त्याचा चांगला आधार होतो.

शाळांनी आपल्या वाट्याचे काम ओळखावे. दाखल्यावरील नाव, वडिलांचे नाव व जन्मतारीख ही पुढे पारपत्रावर आणि परदेशी नोंदींत उतरतात. शाळेत पडलेली एका अक्षराची चूक वीस वर्षांनी परक्या देशाच्या कार्यालयात माणसाला थांबवून धरू शकते. ग्रामपंचायतींनी जन्म-विवाह नोंदींच्या बाबतीत हीच दक्षता घेतली पाहिजे. नावातील फरक आढळल्यास तो प्रतिज्ञापत्राने वा राजपत्रातील नोंदीने वेळीच दुरुस्त करून घेण्याचा सल्ला द्यावा.

त्या वेल्डरकडे पुन्हा वळू. त्याच्या हाती दहा दिवस आहेत. त्याने आज संध्याकाळी शाळेतील गुरुजींच्या मदतीने एक पानाचे पत्र लिहिले, पावत्या तारखेच्या क्रमाने लावल्या, वकिलातीला आणखी एक चौकशीचे पत्र पाठविले, मालकाला कळविले आणि चार प्रती फाईलमध्ये ठेवल्या, तर त्याच्या हातातील होते ते सर्व त्याने केले. परवाना मिळेल की नाही, हे दूरच्या एका टेबलावर ठरेल. तो नाकारला गेला, तरी त्याचे नाव स्वच्छ राहील आणि पुढचा अर्ज त्याला ताठ मानेने करता येईल. गावाने त्याला खोट्या कागदापासून वाचविले, तर एका कुटुंबाची पाच वर्षे वाचतील. हे काम करण्यास कोणत्याही नव्या योजनेची गरज नाही. वेळेवर दिलेली खरी माहिती आणि लिहिण्यास बसलेला एक जाणता माणूस, एवढे पुरेसे आहे.